लांब पल्ल्याचं उड्डाण हे वैमानिकाचं शिखर आहे का?

वैमानिक व्हायला निघालेल्या मुलामुलींना मी नेहमी एक प्रश्न विचारतो : शेवटी पोचायचंय कुठे? उत्तर बहुतेक वेळा एकच येतं. "सर, मोठं विमान. मुंबई ते न्यूयॉर्क." जमिनीवरच्या आपल्यासारख्यांनाही तसंच वाटतं. जितकं लांबचं उड्डाण, तितका मोठा वैमानिक. आज आपण हे समीकरण तपासून बघू.

ही प्रतिष्ठा आली कुठून? 8 जून 1948 रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाचा झेंडा परदेशात नेणारे वैमानिक साहजिकच मानाचे ठरले. त्या मानाला पुढे पगाराची आणि ज्येष्ठतेच्या यादीची जोड मिळाली. जगातल्या बऱ्याच जुन्या कंपन्यांत कोण कुठलं विमान चालवणार, कुठल्या मार्गावर जाणार, हे नोकरीला लागल्याच्या तारखेवरून ठरतं. मोठ्या विमानाला पगार जास्त, म्हणून ज्येष्ठ लोक तिकडे जातात. आणि ज्येष्ठ लोक तिकडे दिसतात, म्हणून ते शिखर वाटतं. यात कौशल्याचा प्रश्न अजून आलेलाच नाही, हे लक्षात घ्या.

आता जरा हिशेब करू. आपल्याकडच्या नियमानुसार वैमानिकाला वर्षात जास्तीत जास्त 1000 तास उड्डाण करता येतं. समजा एक वैमानिक मुंबई-गोवा किंवा तसेच सव्वा तासाचे मार्ग करतो. वर्षाला 800 उड्डाणं झाली. कॉकपिटमध्ये दोघं असतात, विमान उतरवायची पाळी आलटून पालटून येते. म्हणजे त्याच्या हातून सुमारे 400 वेळा विमान उतरतं. दुसरा वैमानिक सोळा तासांचं उड्डाण करतो. वर्षाला साधारण 62 उड्डाणं. इतक्या लांब पल्ल्याला चार वैमानिक लागतात, दोघं काम करतात तेव्हा दोघं बंकवर झोपतात. उतरवणारा मात्र एकच. पाळ्या सारख्या वाटल्या तर वाट्याला येतात पंधरा-सोळा लँडिंग. वर्षभरात!

हा ढोबळ हिशेब आहे, पण चित्र खरं आहे. प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या 90 दिवसांत तीन टेकऑफ आणि तीन लँडिंग झालेली असावी लागतात. लांब पल्ल्याच्या काही वैमानिकांना ही अट पुरी करायला सिम्युलेटरमध्ये जाऊन बसावं लागतं. शिखरावर पोचलेल्या माणसाला हात चालता ठेवायला असं करावं लागतं, हे जरा विचित्र नाही का?

मग तुम्ही म्हणाल, लांबचं उड्डाण म्हणजे नुसतं बसून राहणं. तसंही नाही. 1 जून 2009 ला एअर फ्रान्सचं रिओहून पॅरिसला जाणारं विमान अटलांटिकवर होतं. कॅप्टन नियमाप्रमाणे विश्रांतीला गेले होते. वेग मोजणाऱ्या नळ्यांत बर्फ जमला, ऑटोपायलट सुटला आणि विमान अचानक दोन सहवैमानिकांच्या हातात आलं. नाक वर खेचलं गेलं, पंखांचा आधार सुटला, आणि पाच मिनिटांच्या आत विमान समुद्रात कोसळलं. 228 माणसं गेली. तपासानंतर एक शिफारस अशी झाली की, वैमानिकांना उंचावर विमान हाताने चालवायचा सराव द्यावा. तासन् तास काही घडत नाही आणि मग एका क्षणात सगळं घडतं, तेही शरीराच्या घड्याळाप्रमाणे पहाटेचे तीन वाजलेले असताना. हे या कामाचं खरं अवघडपण. जवळचा विमानतळ दोन-तीन तासांवर असतो, तेव्हा हवामान आणि इंधन पाहून निर्णय आधीच तयार ठेवावा लागतो.

आता दुसरी बाजू. लेहचा विमानतळ सुमारे 3250 मीटर उंचीवर, चहूबाजूंनी डोंगर, हवा विरळ. दुपारी वारा वाढतो म्हणून विमानं मुख्यतः सकाळी जातात. दिल्लीहून जेमतेम दीड तासाचं उड्डाण, पण वेगळं प्रशिक्षण घेतल्याशिवाय कॅप्टनला तिथे जाता येत नाही. आणि 15 जानेवारी 2009 ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर विमान उतरवणारे कॅप्टन सलनबर्गर? दोन्ही इंजिनं पक्ष्यांमुळे बंद, आणि विमानातले 155 च्या 155 जण वाचले. ते उड्डाण देशांतर्गतच होतं, न्यूयॉर्कहून शार्लटला जाणारं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच की, या एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायऱ्या नाहीत. ही दोन वेगळी कामं आहेत. एकात हाताची परीक्षा रोज होते. दुसऱ्यात सावधपणाची, झोपेची आणि धीराची.

याने फरक काय पडतो? नव्या वैमानिकाला खूप पडतो. कर्ज काढून शिकलेल्या मुलाला एक दिवस निवड करावी लागते : मोठ्या विमानात उजव्या खुर्चीवर, म्हणजे सहवैमानिक म्हणून बसायचं, की छोट्या विमानात डाव्या खुर्चीवर कॅप्टन व्हायचं? 'शिखर' हा एकच शब्द डोक्यात असेल, तर तो डोळे मिटून मोठं विमान घेईल. ज्या वर्षांत हात घडायचा, ती वर्षं दुसऱ्याचं लँडिंग बघण्यात जातील. त्याने आधी स्वतःला विचारावं : माझा हात पुरेसा घडलाय का? रात्रीची जाग माझ्या शरीराला मानवते का? महिन्यातले किती दिवस मला घरी असायचंय? याची उत्तरं बघून जो न्यूयॉर्कला जाईल, तो तिथे आनंदात राहील. आणि जो गोव्याला जाऊन संध्याकाळी घरी परतेल, त्याने आपण खाली राहिलो असं मुळीच समजू नये.