मसाल्याच्या डब्यातल्या टाचण्या

घरात टाचणी असते, पण हवी तेव्हा ती कधीच सापडत नाही. सापडलीच तर कॅलेंडरच्या मागे किंवा वाण्याच्या बिलाला टोचलेली, आणि तीही गंजलेली! पदरासाठी एक सेफ्टी पिन बांगडीला अडकवलेली असली की आपलं भागतं. पण गोधडी शिवणारीला विचारा. तिच्या लेखी टाचणीचा मान सुईइतकाच.

माझ्या थोरल्या जाऊबाई साताऱ्याला असतात. गोधड्या शिवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांच्याकडे मसाल्याचा एक जुना स्टीलचा डबा आहे, सात वाट्यांचा. मोहरी-हळदीच्या जागी त्यात टाचण्या! पाहणारीला आधी हसू येतं. पण त्या कामाला बसल्या की प्रत्येक वाटीमागचा हिशेब कळतो.

पहिल्या वाटीत शिंप्याच्या साध्या, बारीक पोलादी टाचण्या. दुमड, काठ, ठिगळ यांना त्या पुरतात. दुसरीत त्याहून नाजूक, रेशमी कापडासाठी. तिसरीत काचेच्या मण्याच्या आणि चौथीत प्लॅस्टिकच्या डोक्याच्या. दिसायला दोन्ही सारख्याच रंगीत, पण फरक मोठा. टाचणी न काढता इस्त्री फिरवली तर काचेचं डोकं टिकतं, प्लॅस्टिक मात्र वितळून कापडाला चिकटतं. म्हणून या दोन वाट्या कधी एक करायच्या नाहीत. पाचवीत खास गोधडीच्या, सुमारे पावणेदोन इंच लांब. चार-पाच थर एकत्र धरायचे म्हणजे आखूड टाचणी काय कामाची? सहावीत सेफ्टी पिना. त्यातल्या काही मुद्दाम बाक दिलेल्या असतात, त्यामुळे थर न उचलता त्या खालून वर निघतात. सेफ्टी पिनेचं पेटंट न्यूयॉर्कच्या वॉल्टर हंट यांनी १८४९ साली घेतलं आणि त्याचे हक्क अवघ्या ४०० डॉलरना विकून टाकले. आज जगभरच्या बायका ती वापरतात!

आणि सातवी वाटी? ती वाकलेल्या, बोथट झालेल्या टाचण्यांची. अशी टाचणी केरात मोकळी टाकायची नाही. वाटी भरली की सगळ्या झाकणाच्या डबीत घालून, वर चिकटपट्टी लावून मगच टाकायच्या. केर उचलणाऱ्या बाईलाही हात असतात, असं जाऊबाई म्हणतात.

कागदाला लावायची टाचणी मात्र या डब्यात नाहीच. ती जाड असते, टोकही फारसं तीक्ष्ण नसतं. नव्या मांजरपाटात एक वेळ चालेल, पण वर्षानुवर्षं धुऊन विरलेल्या लुगड्यात तिचं भोक कायमचं राहतं. सासूबाई गेल्यावर त्यांची दोन सुती लुगडी तेवढी उरली होती. जाऊबाईंच्या सुनेला दिवस राहिले तेव्हा बाळासाठी त्यांची दुपटी करायचं ठरलं. ते कापड पुन्हा कुठून आणणार? दुकानात मिळणारं ते नव्हेच. जाऊबाईंनी तिथे सगळीकडे दुसऱ्या वाटीतल्या टाचण्या वापरल्या, आणि त्याही मोजून.

हे मोजणं फार महत्त्वाचं, बरं का. बसताना चाळीस घेतल्या तर उठताना चाळीसच भरल्या पाहिजेत. त्या दिवशी एकोणचाळीस भरल्या. सून म्हणाली, “पडली असेल कुठेतरी.” जाऊबाई काही ऐकेनात. खोली झाडून झाली, सतरंजी झटकून झाली, मग दुपट्यावर इंचाइंचाने लोहचुंबक फिरवलं. काठाच्या दुमडीत टाचणी निघाली, नेमकी बाळाची मान टेकेल तिथे! कपाटात ठेवायची वस्तू असती तर गोष्ट वेगळी. अंगाखाली घालायच्या दुपट्यात ‘असेल कुठेतरी’ चालत नाही. एक लक्षात ठेवा, पितळी आणि काही स्टेनलेस टाचण्यांना चुंबक लागत नाही. टाचण्या घेतानाच तपासा आणि लहान मुलांच्या शिवणात चुंबकाला लागणाऱ्याच वापरा.

आता लावायची पद्धत. अस्तर उलट बाजू वर करून जमिनीवर ताणून पसरावं, त्यावर आतले थर, वर चांगलं कापड. पहिली टाचणी मधोमध लावावी आणि तिथून कडेकडे सरकत जावं, म्हणजे सुरकुती बाहेर पळते. दोन टाचण्यांत चार-पाच बोटांचं अंतर पुरे. मशीनवर शिवताना टाचणी टिपेला आडवी लावावी, आणि सुई तिथवर येण्याआधीच काढावी. सुई टाचणीवर आपटली तर तुकडा उडून डोळ्यात जाऊ शकतो. टाचण्या तोंडात धरून शिवायची सवय तर आजच सोडा. ठसका लागायला कितीसा वेळ लागतो? मुलाने टाचणी गिळल्याची शंका आली, तरी केळी चारण्यात किंवा उलटी काढण्यात वेळ घालवू नका. काही खायला-प्यायला न देता तडक दवाखाना गाठा.

पावसाळ्यात कापसाच्या उशीत ओल धरते आणि टाचण्या गंजतात. त्या दिवसांत त्या घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवाव्या. पांढऱ्या सुती कापडावर गंजाचा डाग पडलाच, तर लिंबाचा रस नि मीठ लावून उन्हात ठेवावं आणि स्वच्छ धुवावं. रंगीत कापडावर हा उपाय आधी एखाद्या कोपऱ्यात करून पाहा.

सात वाट्यांचा डबा हवाच असं नाही. जुन्या तीन डब्या घ्या: एक बारीक टाचण्यांची, एक लांब टाचण्यांची, एक बाद झालेल्यांची. झाकणाच्या आत टाचण्यांचा आकडा लिहून ठेवा. शिवण आवरताना तो आकडा जुळला की मगच दुपटं बाळाच्या अंगाखाली जाऊ द्या.