परिचर्येतील विवेक आणि नीतिनिर्णय

• चिकित्सक विचार : रुग्णाची लक्षणे, पूर्ववृत्त व दप्तरी नोंदी परस्परांशी ताडून पाहून कृती निश्चित करण्याची पद्धती. त्यावर आधारलेल्या परिचर्या-प्रक्रियेचे टप्पे पाच : मूल्यांकन, परिचर्या-निदान, नियोजन, अंमलबजावणी, फलपरीक्षण.

• नैतिक निर्णय : शक्य असलेल्या उपायांपैकी उचित कोणता, याची निवड. नीतिशास्त्रज्ञ बीचम व चिल्ड्रेस यांनी १९७९ मध्ये ग्रंथबद्ध केलेली तत्त्वे चार : स्वायत्तता, हितसाधन, अहितवर्जन, न्याय.

• नियमन : भारतीय परिचर्या परिषद कायदा, १९४७. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेची नीतिसंहिता, १९५३.

• अरुणा शानबाग प्रकरण : मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. तेव्हापासून १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, तिची शुश्रूषा तेथील परिचारिकांनीच केली. तिला दयामरण द्यावे, हा पत्रकार पिंकी विराणी यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी फेटाळला. मात्र त्याच निकालात निष्क्रिय दयामरणास उच्च न्यायालयाच्या मंजुरीच्या अटीवर मुभा दिली.

• भेद : प्राणघातक औषध देणे हे सक्रिय दयामरण, कायद्याने निषिद्ध; कृत्रिम जीवनाधार काढणे वा न देणे हे निष्क्रिय. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्रास मान्यता.

• जळगाव जिल्ह्यातील धरणगावसारख्या तालुक्यात : शासकीय मानकानुसार सपाट प्रदेशात ५,००० लोकसंख्येमागे उपकेंद्र, ३०,००० मागे प्राथमिक आरोग्य केंद्र. रुग्णावर तेथेच उपचार करावेत, की त्यास ग्रामीण अथवा जिल्हा रुग्णालयात रवाना करावे, याचा प्राथमिक अंदाज उपकेंद्रात बहुधा परिचारिकेलाच घ्यावा लागतो.