घरच्या म्हाताऱ्यांना काम सांगा

१ जूनला मासेमारी बंद होते आणि अलिबागजवळच्या थळ गावच्या होड्या किनाऱ्यावर ओढल्या जातात. ३१ जुलैपर्यंतचे दोन महिने कोळीवाड्यात डागडुजीचे. जाळी आता नायलॉनची असतात, कारखान्यातून तयार होऊन येतात, पण खडकाला लागून फाटलेलं जाळं हातानेच सांधावं लागतं. हे काम समुद्रावर जाणं सोडलेल्या जुन्या तांडेलांच्या, म्हणजे होडी हाकणाऱ्यांच्या हातचं. होडीमालक नाखव्याला १ ऑगस्टच्या आत जाळी हवी असतात, म्हणून तो सकाळी हाक मारतो आणि संध्याकाळी किती झालं ते विचारतो. म्हाताऱ्याची पाठ दुखते, डोळ्यांना नीट दिसत नाही, तरी या दिवसांत तो वेळेवर जेवतो.

त्याच थळमध्ये, नारळ-सुपारीच्या वाड्यांतल्या घरांत हाच पाऊस वेगळा जातो. मांडवा ते गेटवे लाँच पावसाळ्यात बंद असतात. मुंबईतल्या मुलाला यायचं तर रो-रो बोट पकडायची किंवा वडखळवरून रस्त्याने यायचं. दर शनिवारची फेरी महिन्यावर जाते. अंगणात चिखल, शेवाळलेली वाट, पाय घसरायची भीती. मिनीडोर पकडून अलिबागच्या बाजाराला जाणंही टळतं. आजी चार भिंतींत अडकते आणि फोनवर मात्र रोज सांगते, “मी बरी आहे, तुम्ही काळजी करू नका.”

हा फरक पैशाचा नाही. वाडीवाल्यांकडे पैसा बहुधा जास्तच असतो. थळच्या खत कारखान्यातून ठरलेल्या तारखेला निवृत्त झालेल्या माणसाकडे तर फंडाची रक्कमही असते. फरक इतकाच, की एका म्हाताऱ्याची सकाळी कुणीतरी वाट पाहतं आणि दुसऱ्याची पाहत नाही.

आपल्याकडे यावर ठरलेला उपाय म्हणजे आईवडिलांना मुंबईला नेणं. मुलं ते मनापासून करतात. पण ज्याने आयुष्यभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला “कुठं निघालास रे?” विचारलं, त्याला ठाण्याच्या सातव्या मजल्यावर विचारायला कुणी मिळत नाही. सून-मुलगा कामावर, नातवंडं क्लासला. घरात सहा माणसं असून तो एकाकी होतो, आणि गावी मागे राहिलेली, दिवसभर शेजारणींशी बोलणारी त्याची बहीण एकटी असूनही एकाकी नसते. “तुम्ही आता काही करू नका, नुसते बसा” हे वाक्य आपण प्रेमाने म्हणतो. ऐकणाऱ्याला त्यातून कळतं, की आता आपल्यावाचून काही अडत नाही.

एकाकीपणा हा आजार नाही. तो बरेच दिवस राहिला, तर नैराश्य या आजाराकडे नेऊ शकतो. म्हातारपणी नैराश्य ओळखणं अवघड जातं, कारण म्हातारी माणसं “मला उदास वाटतं” असं क्वचितच म्हणतात. त्यांचं डोकं जड होतं, पोटात गोळा येतो, अंग मोडून येतं, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. जेवण कमी होतं. आवडती मालिका लागते, पण नजर पडद्यावर नसते. विसराळूपणाही वाढतो आणि घरचे स्मृतिभ्रंश समजून हात टेकतात. नैराश्यामुळे आलेलं विसरणं उपचारांनी बरंच सुधारतं, हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

२०१७-१८ मध्ये देशभर झालेल्या ‘लासी’ या मोठ्या पाहणीत ६० वर्षांवरच्या माणसांना प्रश्नावलीतून तपासलं, तेव्हा शंभरात सुमारे आठ जणांमध्ये गंभीर नैराश्याची लक्षणं दिसली. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे मात्र शंभरात एकही नव्हते, ०.८ टक्के होते. म्हणजे लक्षणं असलेल्या दहातल्या जवळपास नऊ जणांचं दुखणं “वय झालं” या दोन शब्दांखाली झाकून गेलं. मला हा आकडा फार अस्वस्थ करतो. वय झालं म्हणून मधुमेहाची गोळी कुणी बंद करत नाही, मग मनाचा उपचार का सुरू करत नाही?

दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन रमत नसेल, तर डॉक्टर गाठावा. थायरॉइड, बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, आधीच चालू असलेली औषधं यांनीही मन खचतं. त्यामुळे रक्ततपासणी हवीच. नैराश्यावरच्या गोळ्या म्हातारपणीही लागू पडतात, पण काहींचं सोडियम सुरुवातीच्या आठवड्यांत उतरतं, म्हणून त्या मनाने सुरू करायच्या नाहीत आणि मनाने बंदही करायच्या नाहीत. “आता जगून काय करायचं” हे वाक्य तोंडी आलं, तर ते बोलण्याची पद्धत म्हणून सोडून देऊ नये. शेजारी बसावं, सरळ विचारावं आणि त्याच दिवशी मदत मागावी. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत.

दुःख आणि नैराश्य यांत गल्लतही होता कामा नये. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं आणि या पट्ट्यातल्या वाड्या आडव्या झाल्या. सुपारीचं रोप फळाला यायला पाच-सहा वर्षं लागतात, नारळालाही साधारण तेवढीच. सत्तरीतल्या बागायतदाराने मोडलेली वाडी बघून जेवण टाकलं, तर त्यात आजार शोधायचा नसतो. त्याला रडू द्यावं, आणि नवीन रोप लावताना खड्डा किती खोल घ्यायचा ते त्यालाच विचारावं. काही महिने उलटल्यावरही तो वाडीत पाऊल टाकायला तयार नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी.

हे सगळं करायचं कुणी? मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, रुग्ण गावोगाव. याचं अतिशय चांगलं उत्तर आपल्या शेजारी, गोव्यात मिळालेलं आहे. ‘संगाथ’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. डॉ. अमित डायस, डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या ६० वर्षांवरच्या १८१ जणांवर एक प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ही माणसं अजून आजारी पडलेली नव्हती, पण थोडी लक्षणं दिसू लागली होती. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्या निम्म्यांकडे प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक गेले. ते डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राचे पदवीधर असण्याची अटही नव्हती.

त्यांनी जे केलं ते मुद्दाम तपशिलात सांगण्यासारखं आहे. आधी विचारायचं, सध्या कशाने जीव हैराण झालाय? उत्तर मोठं असतं, म्हणून त्यातला एक लहान तुकडा दोघांनी मिळून निवडायचा, आणि पुढच्या भेटीपर्यंत त्यावर काय करता येईल ते म्हाताऱ्याच्याच तोंडून काढायचं. सल्ला द्यायचा नाही. झोपेसाठी सवयी बदलायच्या: उठण्याची वेळ रोज एकच, झोप आली नाही तर अंथरुणात लोळत पडायचं नाही. मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी सांभाळायला शिकवायचं, कारण दुखरा गुडघा माणसाला घरात कोंडतो आणि कोंडलेला माणूस खचतो. शिवाय सरकारी योजनांपर्यंत पोचायला मदत करायची.

वर्षभरानंतर समुपदेशक मिळालेल्या ९१ जणांपैकी चौघांना गंभीर नैराश्य आलं होतं. उरलेल्या ९० जणांत असे १३ निघाले. प्रयोग लहान होता, तरी फरक स्पष्ट होता. या चार कामांतलं एकही काम थळला न जमण्यासारखं नाही. अडलेल्या श्रावणबाळ योजनेच्या अर्जासाठी आजीबरोबर तलाठ्याकडे जाणं हासुद्धा नैराश्याचा प्रतिबंध असू शकतो, हे मला या प्रयोगातून नीट समजलं.

झिम्बाब्वेत डॉ. डिक्सन चिबांडा आणखी पुढे गेले. २००६ पासून त्यांनी दवाखान्यांबाहेर लाकडी बाक मांडले आणि त्यांवर समुपदेशक म्हणून वस्तीतल्या आज्यांनाच बसवलं. म्हातारी माणसं तिथे मदत घेत नाहीत, देतात.

मला वाटतं, थळने हीच दिशा धरावी. ज्येष्ठ नागरिक संघांची महाराष्ट्राला चांगली परंपरा आहे. पण पुष्कळ संघांत निवृत्त नोकरदार पुरुष जमतात, कोळीणबाई तिथे फिरकत नाही. व्याख्यान ऐकायला बोलावलं तर ती येणारही नाही. सुकट नीट वाळली का, जवळ्याला वास का आला, हे सुनांना शिकवायला बोलावलं तर येईल. किनाऱ्यावरून दिसणारा खांदेरी किल्ला जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात गेला. त्याच्याभोवतीचे खडक, भरती-ओहोटीची ओढ, होडी कुठून लावायची, हे पुस्तकात सापडणार नाही. ते जुन्या तांडेलांना पाठ आहे. शाळेने आठवड्यातून एक तास त्यांना वर्गात बोलवावं आणि मुलांनी ते लिहून घ्यावं. ठरलेला वार असावा, म्हणजे आधीच्या रात्री आजोबा सदरा काढून ठेवतील.

त्याआधी कान आणि डोळे मात्र तपासून घ्यायला हवेत. ऐकू येत नाही म्हणून माणूस हसण्यावारी नेतो, मग गप्प बसतो, मग लग्नाकार्याला जाणंच सोडतो. ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यांत ऐकू कमी येणं, नैराश्य आणि माणसांपासून तुटणं ही तिन्ही आहेत. श्रवणयंत्र लावायला आजोबा कुरकुरतात. तरीही नातवाने रोज थोडा वेळ शेजारी बसून त्याची सवय करून द्यावी.

गावात आशाताई आधीच घरोघर जातात. तिशीपुढच्या प्रत्येकाचा त्या जो तपासणी अर्ज भरतात, त्यात मनाविषयी दोन प्रश्न आहेत: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला का, आणि उदास किंवा हताश वाटलं का. प्रश्न विचारले जातात, खूण होते, अर्ज पुढे जातो. “हो” म्हणणाऱ्या आजीकडे पुढच्या आठवड्यात पुन्हा कोण जाणार, हे ग्रामपंचायतीने, बचत गटाने आणि कोळी समाजाने एकत्र बसून ठरवायचं आहे. प्रत्येक आळीतली दोन माणसं तयार झाली तरी सुरुवात होते, आणि त्यांतलं एक साठीपुढचं असावं.