कचऱ्याची लहान भट्टी : लाभ आणि मर्यादा

अग्नी सर्व काही भस्म करतो, अशी फार जुनी समजूत आहे. गावाबाहेरचा उकिरडा वाढत चालला, दुर्गंधी सुटू लागली, की नगरपालिकेच्या सभेत कोणीतरी सुचवितो : एक लहानशी भट्टी बांधावी आणि कचरा जाळून टाकावा. सूचना आकर्षक खरी. भट्टीला जागा थोडी लागते, कचऱ्याचे आकारमान पुष्कळच घटते आणि वाहतुकीचा खर्च वाचतो. १८७४ साली इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे शहराच्या कचऱ्यासाठी भट्टी पेटली, तीही अशाच आशेने. परंतु ही आशा कितपत फळास येईल, हे भट्टीपेक्षा तिच्यात पडणाऱ्या कचऱ्यावर अधिक अवलंबून असते.

भारतीय घरांतील केरात भाज्यांचे देठ, फळांच्या साली, खरकटे आणि माती यांचाच भरणा मोठा. एक किलो पाण्याची वाफ व्हावयास सुमारे ६०० किलोकॅलरी उष्णता खर्ची पडते. कचऱ्यात निम्मे पाणी असेल, तर किलोमागे ३०० किलोकॅलरी केवळ ते पाणी आटविण्यात जातात. आणि माती तर जळतच नाही. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली दररोज ३०० टन कचरा जाळून वीज निर्माण करणारा कारखाना उभा राहिला. शहराचा कचरा अपेक्षेइतका ज्वलनशील निघाला नाही आणि तो कारखाना लवकरच बंद पडला. मोठ्या भट्टीची ही गत. मग लहान भट्टीत, जिची उष्णता भिंतींवाटे तुलनेने अधिक निसटते, ओला कचरा नुसता धुमसत राहतो.

धुमसण्यातच खरा धोका आहे. अर्धवट ज्वलनातून काजळी आणि कार्बन मोनॉक्साइड निघतात. क्लोरिनयुक्त प्लॅस्टिक जळताना डायॉक्सिन नावाची विषे तयार होतात. ती धुराबरोबर गवतावर बसतात, गुरांच्या पोटात जातात आणि दुधावाटे माणसाच्या शरीरातील चरबीत साठतात. ती नष्ट करण्यासाठी वायूंना सुमारे ८५० अंश सेल्सिअसच्या वर निदान दोन सेकंद ठेवावे लागते व पुढे झपाट्याने थंड करावे लागते. सकाळी पेटणारी आणि सायंकाळी विझणारी भट्टी प्रत्येक वेळी कमी उष्णतेच्या अवस्थेतून जाते. शिवाय मागे उरणारी राखही निरुपद्रवी नसते. तीत शिसे, कॅडमियम यांसारखे धातू एकवटतात.

मग लहान भट्टी सर्वस्वी त्याज्य आहे काय? तसे नाही. रुग्णालयातील काही संसर्गजन्य कचऱ्यासाठी दहन हा मान्य उपाय आहे. परंतु तेथेही भारतातील २०१६ च्या नियमांनी दुय्यम कक्षात सुमारे १०५० अंश तापमान आणि ३० मीटर उंचीचे धुराडे आवश्यक ठरविले. आणि ७५ किलोमीटरच्या आत सामायिक केंद्राची सोय असल्यास रुग्णालयाने स्वतःची भट्टी उभारण्यास मनाई केली. लहान भट्ट्या विखुरण्यापेक्षा एकच नीट चालविलेली बरी, हा त्यातील विचार होय.

म्हणून भट्टीचा ठराव करण्यापूर्वी नगरपालिकेने तीन प्रश्न विचारावेत : कचरा किती ओला आहे, भट्टीवर प्रशिक्षित माणूस कायम राहील काय, आणि राख कोठे पुरावयाची? ओल्या कचऱ्याचे खत करावे. कागद, काच व धातू भंगारवाल्याकडे जावेत. एवढे झाल्यावर जाळण्याजोगे फारच थोडे उरते. त्या थोड्यासाठीच भट्टीचा विचार व्हावा. अन्यथा आज उकिरड्यावर दिसणारी घाण उद्या धुराड्याच्या वाऱ्याखाली राहणाऱ्यांच्या श्वासात जाईल.