संशोधकास परिषदेचा उपयोग काय ?

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत धावडा हें गांव आहे. अशा गांवीं बसून जुने कागद व पोथ्या जमविणाऱ्या गृहस्थानें दूरच्या इतिहास-परिषदेस जाण्याचा खटाटोप कां करावा ? प्रवासास पैसे लागतात, चार दिवस मोडतात आणि निबंध वाचावयास मिळतात दहा मिनिटें. शिवाय एकदां घराबाहेर पडलेलें दप्तर परत येईलच असा भरंवसा नाहीं. या शंका रास्त आहेत. तथापि त्यांपायीं घरीं बसणें संशोधकास हितावह नाहीं, असें आमचें मत आहे. त्याचें कारण एका प्रसिद्ध उदाहरणानें सांगतों.

भोरकडील कारी येथें जेधे देशमुखांच्या घरीं एक शकावली होती. घरांत होती तोंवर ती एका कुळाची ठेव होती. दयाजीराव सर्जेराव जेधे देशमुख यांनीं ती लोकमान्य टिळकांच्या स्वाधीन केली, व इ. स. १९१६ त भारत इतिहास संशोधक मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तांत ती छापली गेली. तींत शिवछत्रपतींचा जन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१ असा निघाला. तोंपर्यंत वैशाख, शके १५४९ ही मिति रूढ होती. साहजिकच वाद माजला. पुढें तंजावरास सांपडलेलें कवींद्र परमानंदाचें शिवभारत सदाशिव महादेव दिवेकर यांनीं १९२७ त प्रसिद्ध केलें. त्यांतही फाल्गुनाचीच मिति आढळली. जोधपुराकडील जुन्या कुंडलीसंग्रहानेंही तिला पुष्टि दिली. अखेर २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली.

यावरून बोध असा कीं, आपल्या कागदाची दुसरी साक्ष बहुधा दुसऱ्याच्या घरीं असते. कारीची साक्ष तंजावरास होती. या दोन साक्षींची गांठ पडण्याचें स्थान म्हणजे परिषद. १९१० त स्थापन झालेल्या मंडळाच्या सभा, १९१९ ची पुण्याची प्राच्यविद्या परिषद, १९३५ त पुण्यासच भरलेली इतिहास परिषद, या सर्वांचें खरें मोल अध्यक्षांच्या भाषणांहून या गांठीभेटींत अधिक आहे.

धावड्याच्या परिसरास हें विशेषच लागू पडतें. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. पण त्या नांवाचे जुने उल्लेख पाहावयाचे तर सांची व भारहुत येथील दानलेखांकडे वळावें लागतें. त्याच तालुक्यांत जयदेववाडीस जाळीचा देव हें महानुभावांचें तीर्थ आहे. त्या पंथाच्या कित्येक पोथ्या सकळ लिपींत आहेत. ज्याच्याजवळ अशी पोथी आहे त्यास ती लिपि येत नसेल, व ज्यास लिपि येते त्यास पोथी कोठें आहे हें ठाऊक नसेल, तर दोघांचेंही काम अडतें. घटकाभर शेजारीं बसण्याचा योग आला तर तें सुटतें.

संशोधकाची स्वतःची वाढही येथेंच होते. घरच्या मंडळींत आपलें प्रत्येक अनुमान खरेंच वाटतें. परिषदेंत कोणी शकाचा हिशेब विचारतो, कोणी अक्षराच्या वळणावर आक्षेप घेतो. त्या आक्षेपाचें उत्तर शोधतां शोधतां संग्राहकाचा संशोधक होतो. पत्रव्यवहार वाढतो, नांव होतें, पुढील कामें चालून येतात. हार-तुरे व भोजन यांसाठींच जाणाऱ्यांस मात्र यांतलें कांहीं लाभत नाहीं.

आतां दप्तराच्या भीतीविषयीं. अस्सल कागद मुळींच नेऊं नये. स्वच्छ नक्कल व छायाचित्र न्यावें. पृष्ठसंख्या, आरंभ, समाप्ति, लेखनकाल, मूळ स्थळ व मालकाची संमति हीं टिपून ठेवावींत. परत आल्यावर निघालेल्या आक्षेपांसह निबंध छापावा.

पेटींत ठेवलेला कागद वाळवीपासून कदाचित् वांचेल. पण त्याची साक्ष होण्यासाठीं तो चारचौघांसमोर वाचलाच पाहिजे.