रडत्या लेकराला ओ द्या



तान्हे लेकरू रडते. कधी भुकेने रडते, कधी पोट दुखते म्हणून रडते. पण पुष्कळदा पोट भरलेले असते, दुपटे सुके असते, तरी ते रडते. मग माय त्याला उचलते, आणि लेकरू गप्प होते. त्याला काय मिळाले? दूध नाही, खाऊ नाही. त्याला आपले माणूस मिळाले.

घरातली जाणती बाई म्हणते, "सारखं उचलू नको, पोट्ट्याले हाताची सवय लागते." हे आपण सर्वांनी ऐकले आहे. मीही माझ्या घरात असेच बोललो आहे. हे बोलणे कितपत खरे आहे? लहानपणी मिळालेल्या मायेचा मोठेपणीच्या संसाराशी काय संबंध आहे? ते आज पाहू.

पोट आणि माया

दुसरे महायुद्ध १९४५ साली संपले. युरोपात पुष्कळ मुले बेघर झाली होती. जागतिक आरोग्य संघटनेने अशा मुलांविषयी जॉन बोल्बी नावाच्या इंग्रज डॉक्टरांना अहवाल लिहायला सांगितले. तो १९५१ साली निघाला. त्यांचे म्हणणे साधे होते. लहान मुलाला अन्नाइतकीच एका कायमच्या माणसाच्या मायेची गरज असते.

अमेरिकेत हॅरी हार्लो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी माकडाची पिल्ले आईपासून तोडून वाढवली. पिंजऱ्यात दोन खोट्या आया ठेवल्या. एक नुसत्या तारेची, दुसरी मऊ कापड गुंडाळलेली. काही पिल्लांना दूध तारेच्या आईकडेच मिळे. पण पिल्लू दूध पिण्यापुरते तारेकडे जाई. बाकी वेळ ते कापडाच्या आईला बिलगून राही. हे त्यांनी १९५८ साली जगाला सांगितले. प्रयोग निर्दय होता. अशा एकट्या वाढलेल्या माद्या पुढे स्वतः आया झाल्या, तेव्हा त्यांतल्या कित्येकींनी आपल्या पिल्लांना जवळही घेतले नाही. जे मिळाले नाही, ते त्या देणार कोठून?

लेकराचा हिशेब

मेरी एन्सवर्थ या बाईंनी १९५४-५५ साली आफ्रिकेतील युगांडा देशात खेड्यांतल्या आया आणि मुले पाहिली. पुढे त्यांनी अमेरिकेतही हे काम केले. तेथे एका वर्षाच्या मुलाला आईबरोबर नव्या खोलीत आणत. आई थोडा वेळ बाहेर जाई आणि परत येई. ती परत आल्यावर मूल काय करते, ते त्या पाहत.

बहुतेक मुले आई गेली की रडत, आई आली की तिला बिलगत, शांत होत आणि पुन्हा खेळू लागत. काही मुले आई आली तरी तिच्याकडे पाहत नसत. काही मुले आईला घट्ट धरत आणि तिलाच मारत. कितीही समजावले तरी ती शांत होत नसत.

असे का? तान्ह्याला अक्षर येत नाही, पण ते मनात हिशेब मांडते. मी रडलो तर कोणी येते का? रोज येते, की कधी येते आणि कधी येत नाही? ज्याला बहुधा ओ मिळते, ते म्हणते, माणसे भरवशाची आहेत. ज्याला ओ मिळत नाही, ते म्हणते, मागून उपयोग नाही. ज्याला कधी माया मिळते आणि कधी धपाटा, त्याला काहीच उमगत नाही. ते चिकटून बसते.

आणि हाताच्या सवयीचे काय? एन्सवर्थबाई आणि त्यांच्या सहकारी यांनी १९७२ साली लिहिले की, ज्या मुलांच्या रडण्याला पहिल्या महिन्यांत लवकर ओ मिळाली, ती वर्ष भरत आले तेव्हा कमी रडत होती. म्हणजे मायेने लेकरू बिघडत नाही, ते धीट होते.

हाच हिशेब संसारात

अमेरिकेतील दोन अभ्यासकांनी वर्तमानपत्रातून मोठ्या माणसांना त्यांच्या प्रेमाविषयी प्रश्न विचारले आणि जे आढळले ते १९८७ साली छापले. त्यांना मोठ्यांतही हेच तीन प्रकार दिसले.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. बायकोला आठवडी बाजारातून यायला उशीर झाला. एक नवरा म्हणतो, "एस.टी. चुकली असेल." दुसरा दारातच भांडायला उभा राहतो, "कोठे होतीस?" तिसरा काही विचारतच नाही. जणू ती आली काय आणि न आली काय, सारखेच. हा फक्त स्वभाव आहे का? थोडा स्वभाव, थोडी परिस्थिती, आणि थोडा तो जुना हिशेब.

माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो वर्षाचा असताना त्याची माय वारली. पाच वर्षांत तो चार नातेवाइकांच्या घरी राहिला. तो दप्तरात भाकरीचा तुकडा लपवून ठेवी. छडी मारली तरी डोळ्यांत पाणी नाही. मी म्हणालो, "पोरगं निबर आहे," आणि आणखी एक छडी दिली. आता कळते, तो निबर नव्हता. रडून कोणी येत नाही, हे तो शिकला होता. ती छडी मला अजून बोचते.

पुढे त्याचे लग्न झाले. बायको माहेरी गेली की तो दिवसातून दहा वेळा फोन करी. ती परत आली की चार दिवस तिच्याशी बोलत नसे. तिच्या भावाने मला मध्ये घातले. त्या मुलीने मात्र शहाणपण केले. ती जाताना वार सांगू लागली, "मी सोमवारी येतो." आणि सोमवारीच येई. एकदा नाही, प्रत्येक वेळी. दोन वर्षांनी तोच तिला एस.टी.पर्यंत पोचवू लागला.

हे विधिलिखित नाही

म्हणून कोणी असे समजू नये की, लहानपण बिघडले म्हणजे जन्म बिघडला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात अभ्यासकांनी लहानपणी मार खाल्लेल्या आयांचा अभ्यास केला. त्यांतल्या काहींनी आपल्या मुलांना मारले नाही. कोणाला लहानपणी दुसऱ्या एखाद्या माणसाने जीव लावला होता. कोणाला भला नवरा मिळाला होता. कोणी जाणत्या माणसापाशी आपले दुःख बोलून मोकळे केले होते.

आपल्या वऱ्हाडातलेच पाहा. गाडगेबाबा म्हणजे शेंडगावचे डेबूजी. त्यांचा जन्म १८७६ सालचा. वडील दारूपायी लहानपणीच गेले. माय सखुबाई त्यांना घेऊन मूर्तिजापूरजवळ दापुरे येथे माहेरी आली. आजोळी मामाच्या घरी डेबूजी वाढले, गुरे राखली, शेती शिकले. पुढे त्यांनी गोरगरिबांसाठी धर्मशाळा बांधल्या. हे सगळे आजोळामुळेच झाले, असे मी म्हणत नाही. पण बाप गेला तरी लेकराला धरणारे हात होते, एवढे खरे.

म्हणून सगळा भार एकट्या मायवर टाकू नका. ती निंदणाला जाते, सोयाबीन सोंगायला जाते. त्यात तिचा दोष नाही. बाप, आजी, मोठी बहीण, कोणीही लेकराला जीव लावू शकते. माणसे मात्र रोज बदलू नयेत.

आपण काय करावे?

लेकरू रडले की ओ द्या. हात कामात असले तरी आवाज द्या.

वावरात जाताना "तिकडे चिऊ पाय" म्हणून चोरून निघू नका. "मी दिवस मावळता येतो" असे सांगून जा. ते रडेल. रडू द्या. सांगितल्याप्रमाणे परत आलात, की ते तुमच्यावर भरवसा ठेवायला शिकेल.

"गप्प बस, नाही तर तुले सोडून जाईन," असे थट्टेनेही म्हणू नका. लेकराला थट्टा कळत नाही.

ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाताना लेकरू मागे ठेवावे लागले, तर सगळे महिने एकाच माणसापाशी ठेवा. मायच्या जुन्या लुगड्याची गोधडी त्याला पांघरायला द्या. रोज ठरल्या वेळी फोन करा.

चूक झाली, हात उगारला गेला, तर नंतर जवळ घ्या. रोज चुका होतात. त्या रोज दुरुस्तही करता येतात.

बाप्यांनो, संध्याकाळी पारावर बसता, त्यातला थोडा वेळ लेकराला मांडीवर घ्या.

आज ज्याला तुम्ही ओ द्याल, ते उद्या कोणाचा तरी नवरा होईल, कोणाची तरी सून होईल, कोणाची तरी माय होईल. आणि तुम्ही म्हातारपणी खाटेवरून हाक माराल, तेव्हा ओ द्यायचे त्याला ठाऊक असेल.