भावकीची कागदपत्रं

डहाणू-तलासरीत घराण्याचा इतिहास बहुधा हौसेने नव्हे, जात पडताळणीसाठी शोधला जातो. अनुसूचित जमातीच्या दाव्यात 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या नोंदीला मोठं वजन असतं. वारली, कोकणा किंवा मल्हार कोळी कुटुंबाला आजोबा-पणजोबांपर्यंतची वंशावळ शपथपत्रावर मांडावी लागते. त्या काळी शाळेत गेलेला पणजोबा कितीजणांना असणार?

म्हणून भावकी एकत्र बसते. एकाकडे चुलत्याचा शाळेचा दाखला, दुसऱ्याकडे फेरफाराची नक्कल, तिसऱ्याकडे कोतवाल बुकातला जन्म-मृत्यूचा उतारा. सर्वांत मोलाचं म्हणजे वडिलांकडच्या रक्तनात्यातल्या कुणाचं वैधता प्रमाणपत्र. एका घराने ते मिळवलं की बाकीच्यांची वाट बरीच सोपी होते. तरी भांडणापायी झेरॉक्स न देणारे भाऊबंदही असतातच.

जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनाव नसतं, नुसतं ‘लाडक्या वल्द जान्या’ असं. मग नातं जुळवायला म्हातारी माणसंच लागतात. त्यांना विचारताना नावासोबत पाडाही लिहून घ्यावा, कारण एकाच गावात दोन लाडके सहज निघतात.

कागद कुठे शोधायचा, हाही प्रश्नच. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्याआधी सगळं ठाण्यात. तलासरीची गावं तर 1960 पूर्वी उंबरगाव तालुक्यात होती आणि उंबरगाव आज गुजरातेत आहे. तेव्हा जुन्या दाखल्यावर ‘तालुका उंबरगाव’ दिसला तर तो परका समजून बाजूला टाकू नये.